काकाजी, समोरच्या सीटबद्दल

काकाजी,
सादर नमस्कार.

तुमच्याकडे बटनाचा फोन, त्यामुळे हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील अशी आशा आहे. ऐकून तुम्ही काय म्हणणार तेही मला ठाऊक आहे. "काय मास्तर, एवढ्याशा गोष्टीचं काय लिहून राहिले?" त्या दिवशी तुम्ही आमच्या फुटबॉल संघाला तुमच्या काळी-पिवळी जीपमधून सामन्याला नेलंत. त्याबद्दल तोंडावर आभार मानायला आलो होतो तेव्हा तुम्ही बोनेट उघडून त्यात डोकं घातलंत आणि मी निघून जाईपर्यंत बाहेर काढलं नाहीत. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. ज्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली त्यांनीही ती चारचौघांतच फिरवली होती.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगावं लागेल. काटोल तालुक्यातल्या आमच्या गावात फुटबॉलचा क्लब आहे हे तालुक्यातच पुष्कळांना माहीत नाही. संत्र्याचा पट्टा, त्यामुळे पोट्टे सकाळी तोड्याला जातात आणि ऊन उतरलं की मैदानावर येतात. मैदान म्हणजे आठवडी बाजाराची जागा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आधी कांद्याची टरफलं आणि शेण उचलायचं, मग चुन्याची फक्की मारायची. गोलाचे खांब लोखंडी पाइपचे आहेत, पण मापात आहेत, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. त्या मापाचा आम्हाला फार अभिमान. जाळी नाही. गोल झाला की बॉल थेट पानटपरीवर जातो आणि टपरीवाला बसल्या जागेवरून पायानं परत पाठवतो. त्याचा पास आमच्या दोन हाफबॅकांपेक्षा बरा असतो.

भारतातल्या फुटबॉलची उतरंड मोठी आहे. वर आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, मग तिच्या खालच्या देशपातळीवरच्या लीग, मग राज्यांच्या लीग, मग जिल्हे. जिल्ह्यातही आम्ही सर्वांत खालच्या फळीत, आणि त्या फळीतही खालून मोजायला सोपे. संघात कुणब्यांची पोरं आहेत, माळ्यांची आहेत, बौद्ध वस्तीतली आहेत, दोघे गोंड भाऊ आहेत, मुसलमानांची पोरं आहेत. हे कुणी ठरवून जमवलेलं नाही. गावात जे राहतात तेच संघात खेळतात, दुसरे आणणार कुठून?

पैसा कधीच नव्हता. २०२५ च्या मार्चच्या सुरुवातीला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हा आमच्या चौकातही हा एवढा फलक लागला. आनंदच झाला, पेढे मीही खाल्ले. पण त्या फलकाच्या खर्चात आमचे दोन बॉल आले असते हा हिशेब काही डोक्यातून जात नाही.

आणि मग १७ मार्च २०२५ ची संध्याकाळ आली. नागपुरात हिंदू-मुसलमान तणावातून महाल आणि हंसापुरीकडे दगडफेक झाली, गाड्या जळल्या, पुढं एकाचा जीवही गेला. शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली, ती पूर्ण उठायला आठवडा जाऊ द्यावा लागला. आमच्या गावात काहीही झालं नाही. एक काच फुटली नाही. पण गावात मोबाइल आहेत. नागपूर आमच्यापासून साठेक किलोमीटर, आणि तिथला धूर फोनमधून पाच मिनिटांत घराघरात पोहोचला. काल ज्यांच्या दुकानात उधारीची वही होती त्यांच्याकडे लोक अचानक रोखीनं घेऊ लागले. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसती अशी ताठ झालेली वागणूक. ज्यानं ती अनुभवली त्याला कळेल.

क्लबचं काय झालं? ज्या पुढाऱ्यानं जर्सी द्यायचं कबूल केलं होतं (छातीवर त्याचा फोटो, पाठीवर आमचा नंबर, आणि फोटो नंबरपेक्षा मोठा) त्याच्या माणसानं खेळाडूंची यादी मागवली. यादी पाठवली. त्यानंतर त्या माणसाचा फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर गेला, तो अजून परत आलेला नाही. एका व्यापाऱ्यानं शूज द्यायचे होते, त्याला एकदम मंदी आठवली. मागं एकात्मता दौड झाली तेव्हा आमच्याच पोरांना पांढरे टी-शर्ट घालून पुढं पळवलं होतं, पेपरात फोटोही आला. त्या दौडीचे आयोजक आता म्हणाले, "वातावरण निवळू द्या, मास्तर. सध्या त्या चार पोरांना घरी ठेवा, बाकीच्यांना खेळवा." अगदी गोड आवाजात म्हणाले. चहाही पाजला. गोड आवाजात सांगितलेली अशी गोष्ट पचायला जास्त जड जाते, काकाजी.

ईद होऊन गेली होती, रामनवमी यायची होती. त्या मधल्या दिवसांत आमचा सामना नागपूरच्या पलीकडे, कामठी रोडच्या बाजूला. आधीचा एक सामना आम्ही न खेळताच गमावला होता, गाडी मिळाली नाही म्हणून. परत गैरहजर राहिलात तर हंगामातून नाव कमी होईल, असं कळवण्यात आलं होतं. एसटीनं जायचं तर काटोल, मग नागपूर, मग पुढची सिटीबस, आणि परतताना गावची शेवटची गाडी हमखास चुकते. त्या दिवसांत पोरांना रात्री स्टँडवर झोपवायला कोण आई तयार होणार? म्हणून एक गाडी भाड्यानं ठरवली होती, आगाऊ पैसेही दिले होते. सकाळी सहाला मालकाचा फोन आला. "नाही जमत भाऊ. वरून फोन आला." वर कोण राहतं ते त्यानं सांगितलं नाही. आगाऊ दिलेले पैसेही अजून वरच आहेत.

प्रवासी निवाऱ्यात नऊ पोट्टे बॅगा घेऊन बसलेले. नियमाप्रमाणे सात जण असले तरी सामना सुरू होतो, म्हणजे नऊ म्हणजे आमच्या दृष्टीनं श्रीमंती. पण गाडीच नाही. स्टँडवर काळी-पिवळ्या रांगेत उभ्या होत्या, आणि प्रत्येकाला अचानक आपल्या गाडीचा टायर तपासायची गरज पडली होती. तुमचा नंबर लागलेला होता. काटोलची सवारी अर्धी भरलेली होती. तुम्ही ती सवारी उतरवून मागच्या गाडीत बसवलीत, नंबर सोडलात आणि विचारलंत, "किती जण?"

"नऊ आणि मी."

"बसा."

भाड्याचं बोलणं झालं नाही. कोण कोण आहे ते विचारलं नाहीत. सकाळची भरत आलेली खेप सोडणं म्हणजे काय, हे ज्यानं काळी-पिवळी चालवली त्यालाच कळेल. त्याबद्दल आभार आहेतच, काकाजी, पण पत्र लिहायला बसलो ते त्यासाठी नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. काळी-पिवळीत कोण कुठं बसतं याचं एक शास्त्र आहे. समोरची खिडकीची सीट गुरुजी, ग्रामसेवक, नाहीतर लग्नाला निघालेला मोठा पाहुणा यांची. मधल्या सीटवर बाया आणि म्हातारी माणसं. मागं समोरासमोरच्या बाकांवर पोट्टे, टोपल्या, कोंबड्या. आणि अगदी शेवटी, जिथं स्टेपनी ठेवलेली असते, तिथं ज्याला कुठंच जागा नाही तो. त्या दिवशी आमचा गोलकीपर जाऊन स्टेपनीवर बसला. उन्हाचा दुपट्टा डोक्यावरून घेऊन, खाली मान घालून. आदल्या रात्री तो माझ्या घरी आला होता. "सर, मी नाही येत. माझ्यामुळं साऱ्यांना त्रास." त्याचे वडील शिंपीकाम करतात, आमच्या जर्सींवरचे नंबर त्यांनीच शिवले आहेत. मी त्याला समजावून आणलं खरं, पण येताना तो ठरवूनच आला होता की रस्त्यावरून कुणाला दिसायचं नाही. आणि गाडीतले बाकीचे त्यावर काहीच बोलत नव्हते. आपल्याच मित्राला लपलेलं बघताना सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी बोलावं तरी काय?

समोरची सीट मी माझ्यासाठी धरली होती, पिशवी ठेवून. तुम्ही ती पिशवी उचलून माझ्या हातात दिलीत, मागं वळून पाहिलंत आणि ओरडलात:

"ए लंबू, तिथं काहून बसला बे? समोर ये. तुह्ये पाय लांब, मांगं घुटने मोडतीन."

तो म्हणाला, बरं आहे इथं. तुम्ही म्हणालात, "बरं आहे तं आहे, पण मॅचमंदी घुटने लागतीन ना?" आणि समोरचं दार उघडून धरलंत. तो आला. खिडकीशी बसला, बॉल मांडीवर घेऊन. मी स्टेपनीवर गेलो.

काकाजी, आमचा सेंटर-हाफ त्याच्यापेक्षा चांगला बोटभर उंच आहे. तो तुमच्या अगदी मागं, गुडघे हनुवटीला लावून बसला होता. त्याच्या पायांची तुम्हाला काही काळजी वाटली नाही. हे गाडीतल्या प्रत्येकाच्या लक्षात आलं आणि कुणीही ते बोललं नाही. थोडं पुढं गेल्यावर तोच सेंटर-हाफ हसायला लागला, मग सगळेच हसले, आणि मग नेहमीसारखी शिवीगाळ, गाणी आणि चिवड्यासाठी मारामारी सुरू झाली. तोपर्यंत त्या गाडीत नऊ घरची नऊ पोरं होती. हसल्यानंतर संघ झाला.

त्याला तुम्ही "घाबरू नको, मी आहे" असं म्हणाला असता तर तो आणखी आक्रसला असता. "आम्ही भेदभाव करत नाही" असं कुणी म्हटलं की समोरच्याला आधी भेद आठवतो. तुम्ही गुडघ्यांबद्दल बोललात. जो गोलकीपर आहे त्याच्याशी गोलकीपरसारखं बोललात. गावच्या सगळ्या मानाच्या सीटांमध्ये जी सीट मोठी, ती त्याला दिलीत आणि देताना उपकार केल्याचा मागमूसही ठेवला नाहीत. गेल्या काही महिन्यांत मी सलोख्यावर बरीच भाषणं ऐकली. एकाही भाषणात गुडघे आले नाहीत.

पुढचं थोडक्यात सांगतो. काटोल नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. हवालदारानं खिडकीतून आत पाहिलं, मांडीवरचा बॉल पाहिला, "कोणासोबत हाय आज?" एवढं विचारलं आणि जाऊ दिलं. ज्या क्षणाची आम्ही रात्रभर भीती घेतली होती तो एवढाच होता. त्या हवालदाराचेही आभार, त्यानं चेहरा सोडून बॉल पाहिला. सामना आम्ही हरलो, २-१. दोघे कमी होते आणि शेवटची वीस मिनिटं पाय चालत नव्हते. आमच्या गोलकीपरनं किती बॉल अडवले ते समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं येऊन सांगितलं, मी सांगणार नाही, नाहीतर त्याच्या डोक्यात हवा जाईल. परतताना रसवंतीपाशी तुम्ही गाडी थांबवलीत. कारण काय, तर रेडिएटरला पाणी पाहिजे. पाणी घातलेलं मी पाहिलं नाही. दहा ग्लास रस मात्र आला, आणि तुमचे पैसे देऊन होईपर्यंत तुम्ही आम्हाला उठू दिलं नाहीत.

माझा भाचा पुण्यात शिकतो, त्याला फुटबॉलचं वेड आहे. त्यानं जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराच्या सेंट पाउली क्लबची गोष्ट सांगितली. २००३ मध्ये तो क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, दिवाळं निघायची वेळ आली. चाहत्यांनी 'तारणहार' असं छापलेले टी-शर्ट विकून त्याला उभं केलं. बायर्न म्युनिकसारखा बडा संघ त्यांच्या मदतीसाठी मैत्रीचा सामना खेळायला आला. वंशद्वेष करणाऱ्यांना त्या क्लबच्या मैदानात थारा नाही, आणि २०२४ मध्ये तो परत पहिल्या श्रेणीत गेला. भाचा म्हणाला, मामा, आपणही टी-शर्ट छापू. मी म्हटलं, बाबा, आपल्याकडं टी-शर्ट छापायचे म्हटले की आधी फोटो कुणाचा यावरून बैठक होते. आपलं काम एका डिझेलच्या टाकीवर भागलं. लांब कशाला जायचं, नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलच्या नादी लावून मार्गाला लावलंच ना? तिथंही सुरुवातीला मैदान, पैसा, पाठिंबा असं काही हाताशी नव्हतं. एक माणूस होता आणि खेळणारी पोरं होती.

तुमच्यासारखी माणसं तालुक्यात आणखी असतील, काकाजी. ती फलकावर नसतात, शांतता समितीच्या बैठकीतही मागं दाराजवळ उभी असतात. मला आता प्रत्येक काळी-पिवळीच्या समोरच्या सीटवर कोण बसलंय ते बघायची सवयच लागली आहे. तुमच्या गाडीत परवा एक पारधी म्हातारी बसलेली दिसली. तिचे पायही लांब असतील.

आता थोडं कामाचं. त्या दिवसाच्या डिझेलचे पैसे घ्यायला तुम्ही दोनदा नकार दिलात. ते क्लबच्या वहीत तुमच्या नावावर जमा धरले आहेत. पोरांनी तोड्याच्या मजुरीतून वर्गणी काढली आहे, तेव्हा आता नाही म्हणू नका, त्यांचा अपमान होईल. दुसरं, तुमच्या गाडीच्या मागच्या दाराची कडी परतताना आमच्या सेंटर-हाफनं मोडली. तुम्ही बोलला नाहीत, पण मी मागंच बसलो होतो, मला दिसलं. तो काटोलच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो. रविवारी सकाळी त्याला स्टँडवर पाठवतो. आधी चहा पाजू नका, काम करून घ्या, मग पाजा.

आपला,
क्लबचा सचिव
(तुमच्या भाषेत 'मास्तर')