नर्स म्हणजे काय काय

प्रिय गड्या,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, माय पडली, खुब्याचं हाड मोडलं, नऊ दिवस लातूरला दवाखान्यात होतो खाटंखाली सतरंजी टाकून. आता घरी आणलंय, बरी आहे.

ताईची पोरगी यंदा जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला लागली ना, तिचा इंग्रजीचा पेपर होता, रात्री फोन, मामा, 'शी इज नर्सिंग हर बेबी' म्हणजे बाळ आजारी आहे का? म्हणलं आगं नाही, अंगावर पाजायलीय. मग मलाच नाद लागला. मूळ शब्द लॅटिन, पाजणं-पोसणं असा, न्यूट्रिशन पण त्यातलाच. म्हणजे आधी दूध पाजणारी दाई, इंजेक्शनवाली लई नंतरची. आपण केसर आंब्याची कलमं आणतो ती नर्सरी अन् बारक्या लेकरांची शाळा ती बी नर्सरीच (रोपवाटिका फक्त सरकारी पाटीवर). एकच ग्लास तासभर पुरवून पुरवून पिणं ते बी नर्सिंग, म्हणजे तू!

अन् मनात राग पोसत ठेवला तरी तोच शब्द. आपण नुसता डूख धरतो, ह्यांच्यात त्याला पाजून वाढवतेत.

दवाखान्यात मात्र नर्स म्हणून कुणी हाक मारत नाही, सिस्टरच, पोरगा असला तर ब्रदर. एका रात्री दोनला सिस्टर बीपी बघायला आली अन् मायनं १९७२ चा दुष्काळ काढला, खडी फोडायचं काम, तिथं खायला मिळणारी कोरडी सुकडी. मी ही गोष्ट शंभरदा अर्ध्यात तोडलीय. त्या पोरीनं हवा सोडली तरी पट्टा दंडालाच ठेवला, उभ्यानं ऐकत राहिली, तेव्हा मला शेवट कळला, माय आपल्या वाटची सुकडी पदराला बांधून धाकट्या मामासाठी घरी न्यायची अन् स्वतः पाणी पिऊन झोपायची. गुरुजींनी सांगितलेलं आठवतंय का, शुश्रूषा शब्द 'श्रु' धातूचा, मूळ अर्थ ऐकायची इच्छा. तेव्हा आपण मागच्या बाकावर चिंचा खात होतो.

खरं सांगू, बापू गेले तेव्हा तू तेराव्यालाही आला नाहीस, तो राग मी दोन वर्षं पाजलाय. का आला नाहीस ते एकदाही विचारलं नाही. फोनवर नको, घरी ये, मी मधी बोलणार नाही. माय बी तुझी वाट बघायलीय. वॉकर आणू नकोस, इथं मिळाला.

तुझाच,
बाळू