वासोट्याच्या जंगलाचे पैसे घेऊन सिमेंटचा गवा दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुंबई कार्यालय.

विषय: वासोटा एकदिवसीय जंगल ट्रेकचे संपूर्ण शुल्क परत मिळणे आणि आपल्या नोंदीतील खोटे कारण लेखी मागे घेतले जाणे.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले संभाषण संपल्यावर, म्हणजे खरे तर आपल्या प्रतिनिधीने ते मध्येच संपवल्यावर, मी हे पत्र लिहीत आहे. नोंदणी क्रमांक येथे पुन्हा देत नाही, कारण तो मी आपल्याकडे प्रत्येक वेळी फोनवर सांगितला आहे, प्रत्येक वेळी तो 'नोंदवून घेतला' गेला आहे आणि प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीला तो नव्याने हवा होता.

आपण काय विकता हे आपल्याला माहीत असेल असे मी गृहीत धरते. वासोटा किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो. पावसाळ्यात तो बंद असतो आणि एरवीही वन खात्याच्या परवानगीशिवाय तिकडे जाता येत नाही. साताऱ्याहून कास मार्गे बामणोली गाठायची, तेथे ओळखपत्रे दाखवून परवानगी घ्यायची, शिवसागर जलाशयातून तास-दीड तास बोटीने मेट इंदवलीला उतरायचे, वन खात्याच्या चौकीवर सामानाची तपासणी करून घ्यायची आणि मग घनदाट झाडीतून दोन-अडीच तास चढायचे, असा तो दिवस असतो. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे अंधाराच्या आत सगळ्यांना खाली येऊन बोटीत बसावे लागते. म्हणजे त्या दिवसाचे सगळे गणित शेवटच्या बोटीपासून उलटे मांडत पहाटेच्या बसपर्यंत आणावे लागते. हे गणित मी आपल्याला शिकवावे अशी अपेक्षा नसेल, कारण माणशी 2,450 रुपये आपण याच गणितासाठी घेता.

आमच्या चौघांचे 9,800 रुपये आपण तीन आठवडे आधीच घेतले होते. स्वारगेटहून पहाटे साडेचारला निघणारी बस सहा वाजून दहा मिनिटांनी निघाली, कारण दुसऱ्या एका गटाची वाट पाहायची होती. त्या गटासाठी आमची दीड तासाची झोप आणि पुढे आमचा संपूर्ण दिवस खर्ची पडला. माझे सासरे साताऱ्याला राहतात, ते बॉम्बे रेस्टॉरंट चौकात कडाक्याच्या थंडीत उभे होते आणि त्यांना कळवण्याचे काम आपल्या कोणाचेच नव्हते. साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलात नाश्त्याच्या नावाखाली पाऊण तास गेला. त्या हॉटेलच्या मालकाने आपल्या ट्रेक लीडरचे ज्या आपुलकीने स्वागत केले, त्यावरून काढायचा तो निष्कर्ष मी काढला आहे, पण सिद्ध करता येणार नाही म्हणून येथे लिहीत नाही.

बामणोलीला पोहोचलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. आपल्या माहितीपत्रकात 'सर्व परवानग्या आगाऊ घेतलेल्या' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात ट्रेक लीडरने तेथे उतरल्यावर आमच्याकडून आधार कार्डाच्या झेरॉक्स मागायला सुरुवात केली आणि ज्यांच्याकडे त्या नव्हत्या त्यांना गावात झेरॉक्सचे दुकान शोधायला पाठवले. इतक्या उशिरा निघून गड होणार नाही, हे बामणोलीच्या वन खात्याच्या कार्यालयात त्याला तेव्हाच स्पष्ट सांगितले गेले होते. ही गोष्ट आम्हाला त्याच्याकडून नव्हे, तर बोट मध्यावर गेल्यावर नावाड्याकडून समजली. तोपर्यंत परतीचा प्रश्नच उरला नव्हता.

मेट इंदवलीच्या चौकीवर प्रत्येक पिशवी उघडून प्लास्टिक मोजले गेले, आणि ते मोजलेच पाहिजे, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार अशी की 'प्लास्टिकमुक्त ट्रेक' म्हणून मिरवणाऱ्या आपल्या कंपनीने दिलेल्या जेवणाच्या पुड्यात प्लास्टिकचे डबे, प्लास्टिकचे चमचे, पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकी दोन बिस्किटांचे पुडे होते, आणि त्यांच्यापोटी अनामत रक्कम आम्ही स्वतःच्या खिशातून भरली. हे मोजून होईपर्यंत पाऊण वाजला होता. चौकीवरील वनरक्षकांनी अतिशय सभ्य शब्दांत सांगितले की आता वर सोडता येणार नाही, कारण गवे आणि अस्वलांचा वावर असलेल्या या झाडीतून अंधार पडायच्या आत तुम्ही खाली येऊ शकणार नाही. आमच्यासमोरच पहाटे आलेले दुसरे गट घाम पुसत खाली उतरत होते. त्यांनी सकाळी आठला बोट पकडली होती. म्हणजे त्या दिवशी रस्ता बंद नव्हता, हवामान खराब नव्हते आणि वन खात्याने कोणताही अचानक निर्णय घेतला नव्हता. फक्त आपण उशिरा आला होता.

त्यानंतर आम्हाला ओढ्याजवळच्या मारुतीपर्यंत जाऊन येण्याची मुभा मिळाली. नागेश्वराकडे फुटणारी वाट, गडावरची टाकी, छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, बाबू कडा, समोरचा जुना वासोटा, यांपैकी काहीही आम्ही पाहिले नाही. ताई तेलिणीने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याविरुद्ध हा किल्ला कसा लढवला ते माझ्या सासऱ्यांनी माझ्या मुलाला काठावर बसून सांगितले, कारण आपला 'इतिहासतज्ज्ञ मार्गदर्शक' तेव्हा परतीच्या बोटीच्या फोनात गुंतला होता. नंतर आम्हाला आपल्या जलाशयाकाठच्या शिबिरात नेऊन 'जंगल भ्रमंती' घडवण्यात आली. ही भ्रमंती म्हणजे तंबूंच्या मागे लावलेल्या निलगिरीच्या दोन रांगांमधून एक फेरी होती आणि तिच्या शेवटी फोटो काढण्यासाठी सिमेंटचा गवा होता. माहितीपत्रकात 'गवा दिसण्याची शक्यता' असे लिहिले आहे, ते वचन आपण पाळले हे मान्य करायला हवे.

येथपर्यंतचे सगळे कदाचित मी गिळलेही असते. हे पत्र लिहिण्याचे कारण आजचे संभाषण आहे, म्हणून ते मी सविस्तर देत आहे. आपल्याकडे संभाषणे ध्वनिमुद्रित होतात असे प्रत्येक वेळी सांगितले जाते, तेव्हा हे संभाषण आपण काढून ऐकावे.

पैसे परत मिळण्याविषयी विचारल्यावर आपला प्रतिनिधी म्हणाला, "मॅडम, सिस्टिममध्ये तुमची सहल यशस्वीरीत्या पूर्ण असे दिसते आहे." गडावर पाऊलही न ठेवता ती पूर्ण कशी झाली, असे मी विचारले. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही जंगलात गेला होता की नव्हता?" मी म्हटले, ओढ्यापर्यंत. "मग जंगल झाले ना, मॅडम." काही क्षण कळफलकाचा आवाज आला आणि मग त्याला नोंद सापडली. ती त्याने वाचून दाखवली: 'गटात ज्येष्ठ नागरिक असल्यामुळे सुरक्षेच्या कारणास्तव चढाई रद्द.' मी त्याला पुन्हा वाचायला सांगितले आणि त्याने पुन्हा वाचले. मग स्वतःच्या पदरचे जोडले, "वासोट्याला आजोबांना घेऊन जायचे म्हणजे तुम्हीही थोडा विचार करायला हवा होता ना. त्यांच्यामुळे बाकीच्या लोकांचाही दिवस गेला."

फोन स्पीकरवर होता आणि माझे सासरे समोर बसले होते.

ते शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्तीनंतरही ते रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात आणि खाली येऊन मग चहा घेतात. साताऱ्यात असे कितीतरी लोक आहेत आणि त्यांच्यापैकी कोणी आपल्या बसच्या वेळापत्रकावर टिकेल की नाही माहीत नाही, पण वासोट्यावर निश्चित टिकेल. नोंदणी करताना आपण प्रत्येकाचे वय विचारले, त्यांचे वय लिहून घेतले, वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले, ते घेतले आणि मगच पैसे घेतले. तेव्हा त्यांचे वय आपल्याला आड आले नाही. बस दीड तास उशिरा निघाली तेव्हा ते वेळेच्या आधी चौकात हजर होते. आणि त्या बसमध्ये महाविद्यालयातील मुलेही होती, त्यांनाही चौकीवरूनच परत पाठवले गेले. एका माणसाच्या वयामुळे विशीतल्या मुलांचे पाय कसे काय थांबले, याचा खुलासा आपल्या सिस्टिमने करावा.

मी हे सगळे सांगितल्यावर प्रतिनिधीने 'सद्भावना म्हणून' पाचशे रुपयांचे कूपन देऊ केले. ते ट्रेकसाठी वापरता येत नाही, आपल्या हुरडा पार्टीसाठी वापरता येते. "आजोबांना तेच जास्त आवडेल," असे तो म्हणाला. मी वरिष्ठांशी बोलायचे आहे असे सांगितले, तेव्हा आपल्या कंपनीची सनईची धून ऐकू आली आणि मग फोन कट झाला. हुरडा आमच्या घरी शेतावरून येतो, आपल्या माहितीसाठी.

आपल्या कंपनीबरोबर आम्ही याआधी सहकुटुंब फिरलो आहोत आणि शेजाऱ्यांनाही आपले नाव सुचवले आहे, म्हणूनच हा प्रकार जास्त लागला. उशीर कोणाकडूनही होतो, घाटात टायरही फुटते. पण स्वतःच्या उशिराचे खापर एका माणसाच्या वयावर फोडून ते कायमच्या नोंदीत लिहून ठेवणे हा अपघात नव्हे. ती नोंद कोणीतरी विचार करून लिहिली आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. 9,800 रुपये पूर्णपणे, ज्या खात्यातून घेतले त्याच खात्यात परत करावेत. आपल्या नोंदीतील खोटे कारण काढून बसला झालेला उशीर हे खरे कारण लिहावे आणि तसे केल्याचे लेखी कळवावे. माझ्या सासऱ्यांची लेखी माफी मागावी, आणि ती माझ्या नावाने नव्हे, त्यांच्या नावाने पाठवावी, कारण नोंदीत त्यांच्यावर ठपका आहे, माझ्यावर नाही. कूपन रद्द करावे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात दाद मागता येते, त्यामुळे आपल्याला मुंबईहून पुण्याला यावे लागेल. तारखेला वेळेवर पोहोचण्याची व्यवस्था आपण कराल अशी आशा आहे, कारण आयोगही कोणत्या दुसऱ्या गटाची वाट पाहत नाही. एवढ्या रकमेच्या तक्रारीला तेथे शुल्कही भरावे लागत नाही, त्यामुळे मला थांबवायला खर्चाची भीतीही पुरणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 या क्रमांकावर, मी आजच तक्रार नोंदवली आहे. माहितीपत्रक, बसच्या वेळेचे आपलेच संदेश, चौकीवर भरलेल्या अनामत रकमेची पावती आणि सिमेंटच्या गव्याचे छायाचित्र यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

एक विनंती स्वतंत्रपणे करते. हे प्रकरण मिटेपर्यंत 'आपला वासोट्याचा अनुभव कसा होता, पाच तारे द्या' हा आपला स्वयंचलित संदेश माझ्या आणि माझ्या सासऱ्यांच्या क्रमांकावर पाठवणे बंद करावे.

आपली ग्राहक,
पुणे

सोबत: वर नमूद केलेल्या कागदपत्रांच्या प्रती