स्कॅन झालं, पण शोधायचं कसं?

संपादक महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाने जुन्या साप्ताहिकांचे अंक स्कॅन करून घेतल्याची बातमी आपल्या जिल्हा पानावर वाचली. काम व्हायलाच हवं होतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा पुस्तकांची काय दशा होते ते सगळ्या कोकणाने पाहिलं. पण ‘सर्व अंक आता एका क्लिकवर’ हे वाक्य खरं नाही. मी त्या वाचनालयाचा सभासद आहे, नोकरी मुंबईत कॉलेजच्या ग्रंथालयात झाली, आणि ती हार्ड डिस्क मी स्वतः उघडून पाहिली आहे.

डिस्कवर पानांची चित्रं आहेत आणि दर पानामागे एक एक्सएमएल फाइल (मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला खुणेची चिठ्ठी लावून ठेवणारी), आल्टो नावाच्या पद्धतीची. खरा ऐवज ती फाइल. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामने, वाचलेला एकेक शब्द तिच्यात आहे आणि त्याच्यासोबत तो पानावर डावीकडून किती, वरून किती, रुंदी-उंची किती, हेही. त्यामुळे शोधलेला शब्द जुन्या पानावर जागच्या जागी पिवळा करून दाखवता येतो. येतो म्हणजे यायला हवा. एका शिक्षिकेला १७ जुलै १९४७ ला बुडालेल्या ‘रामदास’ बोटीच्या बातम्या हव्या होत्या. लिपिकाने फोल्डरच्या वरच्या चौकटीत शब्द टाकला. हिरवी पट्टी सरकत राहिली, चहा आला, कपही उचलले गेले, शेवटी बाईंनी बाडंच मागवली. (ती अजून रद्दीत गेलेली नाहीत, हे नशीब.)

इंडेक्सच, म्हणजे कोणता शब्द कुठे आहे याची सूचीच नाही, तर यंत्र दर वेळी पहिल्या फाइलीपासून शेवटच्या फाइलीपर्यंत सगळं वाचत जाणार. आंब्याच्या पेट्यांवर नाव-नंबर न घालता गाडी वाशी मार्केटला धाडली तर आणखी काय होणार? यावर कंत्राटदाराचं म्हणणं, सगळ्या फाइली जोडून एकच करू. त्याने दुखणं वाढेल. बरेच प्रोग्राम एक्सएमएल उघडताना त्याचं अख्खं झाड, म्हणजे भाग-उपभागांच्या फांद्यांचा सगळा पसारा, मेमरीत उभं करतात आणि ते मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा खातं. थोडं थोडं वाचत पुढे जाणारी पद्धतही आहे, तिने मेमरी वाचते, पण प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे काही कालचं तंत्र नाही. कोकण रेल्वेचा अख्खा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला, त्यानंतर पंधरवड्यात, १० फेब्रुवारीला, एक्सएमएलची पहिली शिफारस, म्हणजे अधिकृत प्रमाण, आली. त्याला प्रश्न विचारण्याची भाषा, एक्सक्वेरी, २००७ पासून प्रमाण आहे. जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठात सुरू झालेला बेसएक्स किंवा तसाच एक्झिस्ट-डीबी, हे दोन्ही डेटाबेस प्रोग्राम फुकट आहेत. एक्सएमएल न मोडता साठवतात, आतल्या शब्दांवर इंडेक्स बांधतात. बेसएक्सच्या एका डेटाबेसमध्ये सुमारे २१४ कोटी नोड, म्हणजे एक्सएमएलचे सुटे घटक, मावतात. ऐकायला प्रचंड, पण आल्टोत शब्दाचं प्रत्येक माप हा वेगळा नोड. एका साप्ताहिकाला पुरेल. उद्या जिल्ह्यातली दैनिकंही घ्यायची ठरली तर दशकागणिक डेटाबेस वेगळी करून प्रश्न सगळ्यांना एकत्र विचारावा लागेल.

पोस्टग्रेस हा तक्त्यांचा डेटाबेस येणारा माणूस हाताशी असेल तर तेही चालेल. तिथे एक्सएमएलच्या रकान्यावर थेट इंडेक्स बांधता येत नाही, म्हणून तारीख, अंक, पान आणि निव्वळ मजकूर वेगळ्या रकान्यांत काढायचा, इंडेक्स त्यांवर, आणि मूळ एक्सएमएल शेजारी जसंच्या तसं.

दोन्हीकडे एक गोष्ट मराठीसाठी मुद्दाम करावी लागेल. १९६२ च्या लेखननियमांआधीच्या अंकांत ‘कोंकणांत’, ‘बोटींत’ असंच छापलेलं असणार. आजचा वाचक ‘कोकणात’ टाकणार आणि त्याला काहीच सापडणार नाही. शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत ठेवून तिच्यात असे अनुस्वार गाळावेत. मूळ मजकुराला मात्र हात लावू नये.

पुढच्या टप्प्याची निविदा लवकरच निघणार, असं त्याच बातमीत आहे. तिच्यात पानामागे दर आहे, शोधाबद्दल अक्षर नाही, असं कळतं. समितीने एवढी एकच अट घालावी : ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतरच्या महिन्यात ‘चिपळूण’ कुठे कुठे आलं आहे, ते तारीखवार, पानासकट, कंत्राटदाराने वाचनालयाच्याच संगणकावर काढून दाखवावं, मगच बिल मंजूर व्हावं.

– एक सभासद, देवगड