बंड्याला गाडी नको

बेळगाव

चि. सलील यास,
अनेक शुभाशीर्वाद.

आम्ही बेळगावहून परतेपर्यंत आपला कुत्रा बंड्या तुझ्या स्वाधीन आहे, आणि रोज सकाळी तू त्याला गाडीत घालून मिरामारच्या किनाऱ्यावर नेतोस, असे काल फोनवर कळले. पणजीतल्या आपल्या सांतिनेजहून कांपालमार्गे समुद्र असा कितीसा दूर? तेवढ्यासाठी गाडी काढणे मला पटत नाही.

प्रश्न पेट्रोलचा नाही. फिरणे वाळूवर पाय ठेवल्यावर सुरू होते असा तुझा समज दिसतो. बंड्याचे मात्र ते फाटकापाशीच सुरू झालेले असते. रात्री गल्लीत कोणती कुत्री येऊन गेली, पाव विकणारा पोदेर कोणाच्या दाराशी थांबला, कला अकादमीसमोरच्या झाडाच्या बुंध्याशी नवे काय घडले, या सगळ्याचा तपास नाकाने पुरा केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि तू पट्टा ओढू नयेस. अशा हुंगण्याने कुत्र्याचे डोके थकते; नुसते पाय थकलेले कुत्रे घरी येऊन चपला कुरतडतेच. गाडीने गेलास की पार्किंग शोधण्यात तुझा जीव अडकतो आणि परतायची घाई होते.

साडेसहापूर्वी निघ आणि उन्हे चढायच्या आत परत ये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते शरीर थंड ठेवते. परतताना डांबरावर तळहाताची मागची बाजू ५ ते ७ सेकंद टेकवून पाहा. तुला सोसवले नाही तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. शहाळे घेईपर्यंत त्याला बंद गाडीत बसवायचे, हे तर कधीही नको. बाहेर ३० अंश असताना आतला पारा अर्ध्या तासात ४५ च्या पुढे जातो, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

शक्यतो ओहोटी पाहून जा. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालच्या अंदाजावर विसंबू नकोस. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते आणि तिच्यावर बारक्या कुर्ल्यांनी बिळाभोवती मांडलेल्या वाळूच्या गोळ्या दिसतात. बंड्या त्या बिळात नाकपुड्यांपर्यंत तोंड खुपसतो, फुसकन शिंकतो आणि लगेच शेजारच्या बिळाकडे वळतो; हा उद्योग त्याला मनसोक्त करू दे. खारे पाणी मात्र पिऊ देऊ नकोस, त्याने उलट्या-जुलाब होतात. गोड्या पाण्याची बाटली सोबत ठेव आणि घरी आल्यावर पंजे धुऊन बोटांमधली वाळू काढ. किनाऱ्यावरची भटकी कुत्री हद्द राखतात, तेव्हा ती दिसली की पट्टा आखूड धर. बंड्याचे रेबीजचे इंजेक्शन झालेले आहे.

गाडी अगदीच पडून राहिली तर बॅटरी उतरेल, म्हणून रविवारी मासळी आणायला ती खुशाल ने. बंड्याला त्या वेळी घरीच ठेव.

तुझी,
आई