बेतीच्या चहावाल्याच्या घरून, एका पायलटास

पायलटबाब,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवरून भाडं नेणाऱ्या सगळ्याच पायलटांना थोडं थोडं श्रेय मिळेल, मिळू दे.

आईला गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, नेलं त्या रात्री तिचे हृदयाचे सगळे जुने कागद बेतीलाच राहिले होते. बाहेर नुसता ओतत होता. शेजारणीने कपाटातून फाईल शोधून दिली, ती तुम्ही स्वतःच्या रेनकोटात गुंडाळलीत आणि स्वतः भिजत बांबोळीला आणून पोचवलीत. पुढे आई वॉर्डात होती तोवर शेजारणीने केलेली पेजही तुम्हीच आणत राहिलात. घरी सोडलं तेव्हा मी हिशेब विचारला, तर पैसे नकोच म्हणालात: "पयशे नाकात, बाय." आणि मग कारण सांगितलंत. शेजारीण कपाट उचकत होती तेवढ्यात भिंतीवरचा बाबांचा फोटो तुम्हाला दिसला होता.

5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी समोर दिसते, पण जायचं तर फेरीबोट. बेतीच्या धक्क्यावर ही रीघ! त्या गर्दीत तुम्ही चण्याच्या पुड्या विकणारं पोर होता. शेजारच्या दुकानदाराने पडवीत उभं राहू दिलं नाही, वरून बादलीभर पाणी ओतलं. बाबांनी आत बोलावलं, चहा आणि अर्धा उंडो, आपला गोव्याचा गोल पाव, दिला. "चणे भिजले तर विकशील काय, डोकं?" असंही म्हणाले म्हणे. हे मात्र मला लगेच पटलं, कारण बाबा फटकळच होते. प्रेमाचं बोलणं त्यांना जमायचं नाही.

करावे तसे भरावे, असं आपण सहज म्हणतो. माझा त्यावर पूर्ण विश्वास नाही. बाबांना त्या उंड्याचं काहीच मिळालं नाही. तुमची भेट व्हायच्या आधीच ते गेले. आणि बादलीवाल्याचंही काही वाकडं झालं नाही. पुढे त्याने दुकान वाढवलं, सुखाने म्हातारा झाला. पण इतकी वर्षं झाली तरी तुम्ही त्याच्या पडवीत गाडी लावत नाही, पाऊस असला तरी, हे तुम्हीच सांगितलंत. देवाने कुठे वही ठेवली असेल तर असेल. मला दिसली ती माणसांची आठवण, आणि 3,702 चौरस किलोमीटरच्या आपल्या गोव्यात ती फार लांब जाऊ शकत नाही. कधीतरी कुणाच्या तरी दारात उभी राहतेच. चुकीच्या दारातही राहत असेल. आमच्या बाबतीत ती आईच्या वाट्याला आली, जिने तो उंडो दिलाही नव्हता. उलट दुकानातलं फुकट वाटता म्हणून ती बाबांशी भांडायची! हे तिला परवा सांगितलं, तर म्हणते, "भांडायला पाहिजेच होतं, उधारी किती होती ठाऊक आहे?"

आता ती बरी आहे. चतुर्थीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, स्वतः करायच्या म्हणून हट्ट धरून बसली आहे; पुरण मी भाजणार, एवढ्यावर तडजोड झाली. घरच्यांना घेऊन या. पैसे नाकारलेत ते चाललं, नेवऱ्यांचा डबा नाकारता येणार नाही. आणि तुमचा रेनकोट आमच्याकडेच राहिलाय, धुऊन ठेवलाय.

आपली,
बेतीच्या चहावाल्याची थोरली