यंदा तांदूळ नको, अळसांदे (टपोरी चवळी) द्या

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

गेल्या गणेश चवथीला मुलांच्या न्याहारीसाठी 'धान्य द्या' अशी हाक आम्ही दिली आणि आपण हात आखडता न घेता तांदूळ आणून दिला. इतका, की दोन पोत्यांना सोंडे लागले. चूक आमचीच, काय हवे ते नीट सांगितले नव्हते.

गोव्यातल्या वाळपई परिसरात बांधकामावर राबणाऱ्यांची मुले सकाळी आमच्याकडे खायला येतात. तांदूळ त्यांच्या घरी असतो. 2013च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, 2023पासून तेही मोफत. कर्नाटकातले रेशन कार्ड 2020पासून गोव्यात चालते. पण डाळ, तेल, अंडी विकतच घ्यायची, आणि चार दिवस काम नसले की आधी तीच बंद होतात. मग सकाळी पेज-मीठ, रात्री भात आणि मिरचीचा ठेचा. पोट भरते, पण अंगी लागत नाही. अंगणवाडीचा आहार आहे, पण आई-बाप दुसऱ्या साइटवर गेले की मुलाचे नाव मागेच राहते.

आणि हे केवळ परगावच्यांचे दुखणे नव्हे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा खुरटलेला आणि निम्म्याहून अधिक मुलांत रक्त कमी आढळले. सुखवस्तू राज्य म्हणून मिरवतो आपण!

तेव्हा यंदा अळसांदे द्या, कुळीथ द्या. तांदळात शंभर ग्रॅममागे 7-8 ग्रॅम प्रथिने, अळसांद्यांत 20हून जास्त. तिझानासाठी, म्हणजे नाचण्याच्या गोड पेजेसाठी, नाचणे आणि गूळ हवा. नारळ कितीही चालतील. अंडी आणताना फुटतात, त्यासाठी रोख द्या, पावती मिळेल.

आणखी एक. विसर्जनानंतर माटोळीतली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-भाज्यांच्या आराशीतली) काकडी, दोडकी, केळी सुकेपर्यंत टांगून ठेवू नका, दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे पोचवा. कवंडळे, ती कडू रानफळे, मात्र घरीच राहू द्या. मागे एका मुलाने कुतूहलाने चाखले आणि दिवसभर थुंकत बसला.

दर रविवारी सकाळी 9 ते 12 समाजगृहात आमच्यापैकी कुणीतरी असेल. द्यायला काही नसले तरी शनिवारी संध्याकाळी या. अळसांदे निवडायला माणसे कमी पडतात.

महिला मंडळातर्फे