माशांच्या मोजणीला सोनारची जोड हवी

महोदय,

तलावातील मत्स्यसाठा केवळ जाळ्यावरून ठरवणे अपुरे आहे, कारण जाळ्याच्या आसाच्या, म्हणजे छिद्रांच्या, मापानुसार ठरावीक आकाराचेच मासे सापडतात आणि त्यांतले बरेच मरतात. सोनारने, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणाऱ्या यंत्राने, ही हानी टळते. बोटीवरून सोडलेला ध्वनी गोड्या पाण्यात सेकंदाला सुमारे १,४८० मीटर वेगाने जातो आणि मुख्यतः माशाच्या वाताशयावर, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीवर, आदळून परततो. परतीच्या वेळेवरून खोलीचा, तर प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून माशाच्या लांबीचा अंदाज येतो. दाट थव्यात एकेक मासा वेगळा मोजता येत नाही आणि दिवसा थव्याने राहणारे अनेक मासे रात्री विखुरतात, म्हणून ही पाहणी शक्यतो रात्रीच व्हावी, हे मला फार महत्त्वाचे वाटते. अर्थात, नुसत्या प्रतिध्वनीवरून माशाची जात खात्रीने सांगता येत नाही आणि तळाला चिकटून राहणारे मासे त्यातून निसटतात. उथळ तलावात तर ध्वनिझोत आडवा सोडावा लागतो. त्यामुळे जाळी पूर्णपणे बंद करा, असे मी म्हणणार नाही. परंतु मासेमारीची मर्यादा ठरवण्यापूर्वी दरवर्षी त्याच ऋतूत, त्याच मार्गांवरून सोनार पाहणी व्हावी आणि जात ओळखण्यापुरतीच मोजकी जाळी टाकली जावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक